साताऱ्याहून परंगीमलईकडे

चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटर गेलं की कोवलम लागतं. मच्छीमारांचं गाव. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, लाटांवर फळी घेऊन खेळणारी पोरं, आणि जुन्या किल्ल्याच्या जागेवर उभं असलेलं एक पंचतारांकित हॉटेल. १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह या किल्ल्यावर चालून आला, तेव्हा त्याच्याजवळ विलायतेहून नुकतेच उतरलेले २०० गोरे रंगरूट आणि नव्याने भरती केलेले ५०० शिपाई होते. पुढे काय झालं ते मेकॉलेने चवीने लिहून ठेवलं आहे. किल्ल्यावरून एक गोळी सुटली, एक गोरा पडला आणि बाकीचे पाठ फिरवून पळत सुटले. पुढे एकदा तर तोफेच्या नुसत्या आवाजाने पहारेकरी असे बिथरले की त्यांतला एक जण काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला. क्लाइव्हने याच लोकांना वळवलं, दटावलं, स्वतः गोळीबारात पुढे उभा राहिला आणि कोवलम घेतलं.

शौर्य काही जातींच्या, काही मुलखांच्या रक्तातच असतं, असं आपल्याकडे अजूनही सांगितलं जातं. इंग्रजांनी तर पुढे त्याचं शास्त्र बनवलं. त्या शास्त्राला उत्तर म्हणून कोवलमची विहीर पुरेशी आहे. शिपाई घडवावा लागतो. तो घडवण्याचं निम्मं काम पलटण करते आणि उरलेलं निम्मं, ज्याची नोंद कुठल्याच हजेरीपटात नसते, ते घर करतं. घरचे लोक वाट पाहतात, मनिऑर्डरीवर चूल पेटवतात, मेला तर फोटोला हार घालतात आणि धाकट्यालाही भरतीला धाडतात. या अभिमानाचं कौतुक भाषणांतून पुष्कळ होतं. त्या अभिमानाने सरकारकडे वेळोवेळी काय मागितलं आणि पदरात काय पडलं, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

क्लाइव्हच्या त्या मोहिमांमध्ये मराठे होतेच. अर्काटच्या वेढ्यात १७५१ मध्ये त्याच्या मदतीला धावले ते गुत्तीचे मुरारराव घोरपडे. पण ते स्वतःच्या झेंड्याखाली लढणारे सरदार होते. मराठी मुलखातला माणूस कंपनीचा पगारी शिपाई झाला तो मुंबई इलाख्यात. १७६८ मध्ये तिथे उभी राहिलेली एक पलटण पुढे 'जंगी पलटण' म्हणून नावारूपाला आली. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ती सर्वांत जुनी पलटण. कोकणातून आणि घाटावरून माणसं भरतीला जात, त्यामागे हौस कमी आणि हिशोब जास्त होता. जमिनीचे तुकडे लहान, पाऊस लहरी, माण-खटावसारखा भाग तर कायमचा दुष्काळी. चार भावांतला एक शेतावर, एक मुंबईला गिरणीत, एक पलटणीत, अशी वाटणी सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पलटणीचा पगार बेताचा, पण ठरल्या दिवशी येणारा. आणि मागाहून पेन्शन. सावकाराच्या दारात उभं राहणाऱ्या कुटुंबाला या दोन गोष्टींची किंमत चांगली कळत होती.

या घरांचा अभिमान पहिल्यांदा दगडावर दिसतो तो भीमा कोरेगावला. १ जानेवारी १८१८ ला तिथे कंपनीची एक पलटण, मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज आणि पेशव्यांचं सैन्य यांच्यात दिवसभर झुंज झाली. त्यानंतर काही वर्षांत उभारलेल्या स्तंभावर कामी आलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. त्यांतली २२ नावं महार शिपायांची. शेवटी 'नाक' असलेली नावं वाचली की लगेच कळतं. साध्या शिपायाचं नाव दगडात कोरलं जाणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्या नावांचा उपयोग पुढे काय झाला, ते पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी भरतीत 'लढाऊ जाती'चं खूळ शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. ज्या घरांत सुभेदार-जमादार झाले होते, त्या घरांतल्या पोरांना पलटणीचा दरवाजा लागला. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतला; हे घर त्याच पिढीचं. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध विनंतिअर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला आणि आमच्या बापजाद्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत, हा दाखला पुढे ठेवला. घरात जपलेला अभिमान इथे चक्क कागदी पुरावा म्हणून वापरला गेला. अर्जांनी जे साधलं नाही ते महायुद्धाने साधलं. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा युद्ध आलं आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण सरकारी भरतीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल.

पहिल्या महायुद्धाने मराठी खेड्यांना जग दाखवलं. दाखवलं म्हणजे बहुतेकांना मेसोपोटेमिया दाखवला. पुण्याची सहावी डिव्हिजन तिकडे गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने धाव घेतलेलं हे सैन्य मागे रेटलं गेलं आणि टायग्रिसच्या वळणावरल्या कुत-अल-अमारा या गावात अडकलं. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, सुमारे १४५ दिवस वेढा चालला. धान्य संपलं, घोडे कापून खायची पाळी आली. ते मांस खायला हिंदी शिपाई शेवटच्या दिवसांपर्यंत तयार होत नव्हते. गावी गेल्यावर जात वाळीत टाकेल ही भीती त्यांना उपासमारीपेक्षा मोठी वाटत होती. मरणाच्या दारातही शिपाई घराच्या उंबऱ्याचाच विचार करत होता. शेवटी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या हाती लागले, त्यांतले हजारो कैदेत मेले. कुणी वाळवंटातल्या पायपिटीत गेला, कुणी रेल्वेमार्गाच्या वेठबिगारीत. घरी पोचलेल्या कागदावर बहुधा फक्त 'बेपत्ता' एवढंच असे.

साताऱ्यापासून जवळच अपशिंगे नावाचं गाव आहे. घरटी एक तरी माणूस फौजेत, म्हणून गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले असं गाव सांगतं, आणि त्याची साक्ष देणारं इंग्रजांच्या काळातलं स्मारक गावात आहे. अशा संगमरवरी पाट्या साताऱ्यात, पुण्यात, कोकणात अनेक गावांमध्ये शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेल्या सापडतात. मजकूर साधारण एकाच साच्याचा: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. नाव एकाचंही नाही. १८१८ च्या स्तंभावर शिपायाला नाव होतं आणि शंभर वर्षांनंतर, तेरा लाखांहून जास्त हिंदी माणसं परदेशी लढायला पाठवून, त्यांतली सुमारे ७४,००० गमावून, गावाला मिळाला तो आकडा.

हे केवळ गावच्या पाटीपुरतं नव्हतं. मेसोपोटेमियात पडून ज्यांना थडगं मिळालं नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली 'आणि इतके इतर' अशी बेरीज आली. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा.

पण घराकडे नाव होतं. माजी सैनिकांच्या घरांत एक काळी पत्र्याची ट्रंक असते, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं. तसल्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पेन्शनबुकाबरोबर, फडक्यात बांधलेलं युद्धपदक निघतं. महायुद्धाचं ते पदक चांदीचं, वरच्या बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा. ते हातात घेऊन कड प्रकाशात धरली की कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण उमटवलेली दिसते. सरकारी स्मारकाने जे नाव गाळलं ते या दोन बोटं रुंदीच्या चांदीच्या चकतीच्या कडेवर राहिलं. आणि चांदी ती चांदीच. दुष्काळात, लग्नकार्यात कितीतरी पदकं सोनाराकडे गेली, वितळली. अभिमान विकला असं कुणी म्हणेल. मला त्यात काही वावगं दिसत नाही. ज्याच्या नावाचं पदक होतं तोही घर चालवायलाच गेला होता.

या युद्धाच्या काळात मराठी पुढाऱ्यांनी एक प्रश्न नेमका विचारला. शिपाई आमचे आणि साहेब तुमचे, हे किती दिवस? लोकमान्य टिळक भरतीच्या विरोधात नव्हते, पण हिंदी माणसाला अधिकारपद मिळालं पाहिजे ही त्यांची अट होती. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने बोलावलेल्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याच्या मुद्द्यावर येताच त्यांना थांबवण्यात आलं, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले. गांधीजींना त्यांनी ५०,००० रुपयांचा चेक पाठवला: सरकारकडून हिंदी लोकांना अधिकारपदं देण्याचं वचन मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम दंड समजा. मदत करताना सौदा करू नये, असं म्हणून गांधीजींनी चेक परत केला. नीतीच्या तराजूत गांधीजींचं पारडं जड असेल. पण कुतच्या वेढ्यात पोरं गमावलेल्या घरांच्या बाजूने बोलत होते ते टिळक, असं मला वाटतं. तारे कुणाच्या खांद्यावर, हा प्रश्न त्या घरांचा होता. सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा, एवढ्यावर त्या वेळी बोळवण झाली.

दुसऱ्या महायुद्धातली एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. घाडगे सोडून बाकी सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटेच पुढे धावले, हातगोळा टाकून गन बंद पाडली, गोलंदाजांतल्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठेचलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच कोसळले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. थडगं नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. या वेळी निदान नाव होतं.

स्वातंत्र्यानंतर पलटणी आपल्या झाल्या, नावं टिकली, घोषणा बदलल्या. बेळगावच्या मराठा केंद्रात ४ फेब्रुवारीला मराठा दिन साजरा होतो, सिंहगडच्या १६७० च्या लढाईची आठवण म्हणून. तानाजी मालुसऱ्यांनी मुलाचं, रायबाचं, लग्न बाजूला ठेवलं ही कथा तिथे दरवर्षी नव्या रंगरुटांच्या कानावर पडते. रायबाची आई त्या दिवशी काय बोलली, हे मात्र एकाही बखरीने विचारलं नाही. लष्करी घरांतल्या बायकांच्या बाबतीत आपली परंपरा अशीच अर्धी आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणाने पुन्हा सगळं हललं. पराभवानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते यशवंतराव चव्हाण, कराडचे. मुख्यमंत्री असताना, १९६१ मध्ये, त्यांच्याच जिल्ह्यात साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली होती. अधिकाऱ्यांची तूट तातडीने भरून काढण्यासाठी १९६३ मध्ये पुणे आणि मद्रास अशा दोन ठिकाणी ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडण्यात आली. पुण्याची लवकरच बंद झाली, मद्रासची टिकली. कोवलमच्या उत्तरेला, मद्रास विमानतळाच्या अलीकडे सेंट थॉमसची टेकडी आहे. तमिळमध्ये तिला परंगीमलई म्हणतात, फिरंग्यांचा डोंगर. त्या टेकडीपाशी ही शाळा. १९८८ मध्ये तिची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी झाली. सप्टेंबर १९९२ मध्ये इथे २५ मुली दाखल झाल्या आणि मार्च १९९३ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या. वैद्यकीय शाखा सोडून लष्करात अधिकारी झालेल्या या पहिल्या स्त्रिया.

त्यानंतर सहा वर्षांनी कारगिल झालं. त्यात ५२७ सैनिक गेले. पण घरांच्या दृष्टीने खरा बदल वेगळाच होता. तोपर्यंत लढाईत मेलेल्या सैनिकावर बहुधा तिथेच, आघाडीच्या मागे कुठेतरी, अंत्यसंस्कार होत. घरी अस्थी येत, ट्रंक येई, पत्र येई. कारगिलपासून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येऊ लागली. पंचक्रोशी लोटू लागली, शाळेची पोरं रस्त्याच्या दुतर्फा उभी राहू लागली, पालकमंत्री येऊ लागले, कॅमेरे आले. घराचा अभिमान गावाचा झाला, वाहिन्यांचा झाला. गावच्या पाटीवर ज्यांना नाव मिळालं नव्हतं त्यांच्या नातवंडांच्या नावाने आता चौक आणि कमानी झाल्या. त्यात लोकांचं प्रेम खरं होतं, हे नाकारण्याचं कारण नाही. मात्र गर्दी बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंतच असते. मग घर, पेन्शनचे कागद, बँकेतली सही आणि सासर-माहेरच्या बैठका उरतात.

त्या कागदांचा स्वतःचा एक कायदा आहे. शत्रूच्या गोळीने मेलेल्याच्या घरच्यांना उदारीकृत कुटुंबनिवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी रक्कम. सेवेमुळे ओढवलेल्या पण युद्धाबाहेरच्या मृत्यूला त्याहून कमी. आणि सेवेशी संबंध नसलेल्या आजाराने गेला तर आणखी कमी. फाइलीला हे वर्ग लागतात, त्याशिवाय पैसे वाटता येत नाहीत, हे मान्य. पण मेलेल्याची बायको किंवा आई असे वर्ग पाडत नाही. आणखी एक कलम तर थेट बाईच्या आयुष्यावर होतं. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेला तिचं दुसरं लग्न होईपर्यंतच मिळे. १९९५ मध्ये सवलत आली, ती अशी की दिराशी लग्न केलं तर भत्ता चालू राहील. नवऱ्याच्या शौर्याचा मान बायकोला, पण ती त्याच घरात राहिली तरच, असा त्याचा सरळ अर्थ. ही अट उठली १६ नोव्हेंबर २०१७ ला. मराठी समाजात विधवाविवाहाचा वाद एकोणिसाव्या शतकातल्या विष्णुशास्त्री पंडितांच्या काळापासून चालू होता. संरक्षण खात्याच्या कारकुनी टिपणीपर्यंत तो पोचायला इतका काळ लागला.

त्याच २०१७ मध्ये, दोन महिने आधी, परंगीमलईच्या मैदानावर जे घडलं ते सातारा जिल्ह्याशी जोडलेलं आहे.

कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. जन्माने घोरपडे, आजोळी दत्तक गेले म्हणून महाडिक. सातारच्या सैनिक शाळेत शिकले, २१ पॅरा या विशेष दलात अधिकारी झाले, ईशान्येतल्या कामगिरीबद्दल २००३ मध्ये सेना पदक मिळालं. २०१५ मध्ये काश्मीरमध्ये कुपवाड्याला ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. ही बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न. नोव्हेंबरमध्ये मणिगाहच्या जंगलात अतिरेक्यांचा शोध बरेच दिवस चालला होता. कमांडिंग ऑफिसरने मागे राहून हुकूम दिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ते पुढे होते. १७ नोव्हेंबरला गोळ्या लागून ते गेले. पोगरवाडीत अंत्यसंस्कार झाले, तेव्हा साताऱ्याच्या रस्त्यांवर माणूस मावत नव्हता. पुढच्या प्रजासत्ताक दिनी शौर्यचक्र जाहीर झालं.

त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या, पदरी दोन लहान मुलं. आपणही फौजेत जाणार, हे त्यांनी त्या दुःखाच्या दिवसांतच ठरवलं आणि बोलूनही दाखवलं. नवऱ्याचं पहिलं प्रेम त्याच्या वर्दीवर होतं, म्हणून ती आपण घालायची, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. अडचण वयाची होती, पस्तिशी ओलांडलेली. लष्करप्रमुख जनरल दलबीर सिंग यांच्या शिफारशीवरून तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वयाची अट शिथिल केली. सवलत तेवढीच. निवड मंडळाच्या मुलाखती, मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानातले अडथळे यांतून त्यांना इतरांसारखंच जावं लागलं. पुढे परंगीमलईला अकरा महिने पहाटेची धाव, पाठीवर ओझं घेऊन लांबच्या चाली, चेन्नईचा दमट उकाडा, आणि बरोबरच्या कॅडेट मुली वयाने दहा-पंधरा वर्षांनी लहान. मुलं बोर्डिंगच्या शाळेत. त्यांना सोडून जाते म्हणून नावं ठेवणारे समाजात असतातच. बाप सीमेवर गेला तर तो त्याग आणि आई प्रशिक्षणाला गेली तर हट्ट, असा आपला जुना न्याय आहे.

९ सप्टेंबर २०१७ ला परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरवर दीक्षान्त संचलन झालं. मैदानाला नाव मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं, श्रीलंकेत १९८७ मध्ये वीरगती मिळालेले परमवीरचक्र विजेते, याच संस्थेतून घडलेले आणि मुंबईत लहानाचे मोठे झालेले. संचलनानंतर घरचे लोक मैदानात उतरतात आणि नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांवरचं आवरण काढतात. एरवी हे काम आईबाप करतात आणि फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती असते. त्या दिवशी दोन लेफ्टनंट स्त्रिया अशा होत्या की ज्यांच्या मुलांनी आईला वर्दीत पाहिलं. दुसऱ्या होत्या मध्य प्रदेशच्या निधी दुबे. त्यांचे पती नाईक मुकेश दुबे २००९ मध्ये हृदयविकाराने गेले होते. त्यांच्या मृत्यूला ना चकमक होती ना शौर्यचक्र, गावात लोटलेली गर्दीही नव्हती. कर्नलची पत्नी आणि नाइकाची पत्नी एकाच रांगेत, एकाच हुद्द्यावर उभ्या राहिल्या, हे मला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं दृश्य वाटतं. वर्तमानपत्रांनी स्वाभाविकच पहिल्या नावाला जास्त जागा दिली.

स्वाती महाडिकांना आर्मी ऑर्डनन्स कोअर मिळालं आणि पहिली नेमणूक पुण्याजवळ देहूरोडला. दारूगोळा, साठा, नोंदी, पुरवठा. सिनेमात न दिसणारं, पण ज्याच्यावाचून पुढचा शिपाई एक दिवस टिकत नाही असं काम.

वाट पडली. विरारच्या गौरी महाडिक कंपनी सेक्रेटरी होत्या. त्यांचे पती मेजर प्रसाद महाडिक डिसेंबर २०१७ मध्ये अरुणाचलात तवांगकडे तंबूला लागलेल्या आगीत गेले. नोकरी सोडून त्या परंगीमलईला दाखल झाल्या आणि मार्च २०२० मध्ये लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ ला गुरेजमध्ये घुसखोरांशी लढताना तीन जवानांसह गेले. कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच मैदानावरून अधिकारी होऊन निघाल्या, घरी लहानगा मुलगा होता. या दोघी अधिकारी होण्याआधीच, १७ फेब्रुवारी २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याचा निकाल दिला. बायकांना घरची जबाबदारी असते, पुरुष जवान त्यांचं ऐकणार नाहीत, ही सरकारची बाजू न्यायालयाने सुनावून फेटाळली. १९१८ मध्ये टिळकांना विलिंग्डनच्या बाजूने जे ऐकावं लागलं असेल त्याहून ही बाजू फार वेगळी नव्हती. फक्त तेव्हा 'हिंदी' होतं तिथे आता 'स्त्री' आलं होतं.

एका गोष्टीचं भान मात्र ठेवायला हवं. स्वाती, गौरी आणि कनिका या तिघी शिकलेल्या, अधिकाऱ्यांच्या पत्नी. सातारा, सांगली, बुलढाण्याच्या खेड्यांत शिपायामागे राहिलेल्या बहुतेक बायकांना पदवी नाही, इंग्रजीत होणाऱ्या निवडचाचण्या त्यांच्या आवाक्याबाहेरच्या. त्यांच्यासाठी नवऱ्याच्या सेवेचा मान म्हणजे आजही मुख्यतः दर महिन्याला खात्यात पडणारी पेन्शन, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणीतरी 'बसा ताई' म्हणून खुर्ची पुढे करणं.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. भरती चार वर्षांसाठी, त्यानंतर चौघांतल्या एकापर्यंतच कायम, पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते सियाचेनवर कर्तव्य बजावताना गेले. लष्करी मोहिमेच्या क्षेत्रात कर्तव्य बजावताना मृत्यू आलेले ते पहिले अग्निवीर मानले जातात. गावाने त्यांना तशाच मानाने निरोप दिला, जसा कुठल्याही जवानाला देतं. घरच्यांना काय मिळणार यावर देशभर वाद पेटला, तेव्हा लष्कराने स्वतःहून यादी जाहीर केली: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवानिधीतला वाटा, उरलेल्या मुदतीचा पगार. रक्कम लहान नाही. दर महिन्याची कुटुंबनिवृत्तिवेतनाची ओळ त्या यादीत नव्हती, आणि त्यावरून संसदेपर्यंत गेलेला वाद अजून मिटलेला नाही.